मल्टिपल स्क्लेरोसिसमधील थकवा: तो का येतो आणि त्याच्यासह दिवस कसा आखावा

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे रुग्ण आणि डॉक्टर दोघेही ज्याला एमएस म्हणतात त्या आजाराबद्दल वाचायला घेतले, की पाय लटपटणे, एका डोळ्याने अंधुक दिसणे, तोल जाणे, हातापायांना मुंग्या येणे ही लक्षणे आधी समोर येतात. प्रत्यक्ष रुग्णांना मात्र रोजच्या जगण्यात सर्वांत जास्त आडवे काय येते असे विचारले, तर त्यांच्यातले अनेक जण थकव्याचे नाव घेतात. एमएस असलेल्या दर चार जणांपैकी किमान तिघांना तो जाणवतो, काहींना तो निदान होण्याच्याही आधीपासून असतो, आणि व्यवस्थित चालता-फिरता येत असूनही नोकरी सोडावी लागण्यामागे तो एक प्रमुख कारण ठरतो. तरीही तो एमआरआयच्या फिल्मवर बोट ठेवून दाखवता येत नाही आणि चेहऱ्यावरही दिसत नाही, म्हणून घरी आणि कार्यालयात सर्वांत कमी विश्वास त्याच्यावरच ठेवला जातो.

हा थकवा मज्जासंस्थेतल्या बिघाडातून येतो. त्यामुळे तो जिद्दीने रेटून हटत नाही आणि दिवसभर अंथरुणात पडून राहूनही जात नाही. त्याच्यात भर घालणारी, उपचार होऊ शकणारी कारणे शोधून ती दूर करणे आणि उरलेली शक्ती संपण्याआधी, विचारपूर्वक खर्च करणे हा त्याच्याशी जुळवून घेण्याचा आज उपलब्ध असलेला सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. तो एकट्या रुग्णाला जमणारा नाही, घरातल्यांचीही त्याला साथ लागते.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. मेंदूकडून स्नायूंकडे आणि इंद्रियांकडून मेंदूकडे जाणारे संदेश चेतातंतूंमधून धावतात. या तंतूंवर मायेलिन नावाचे स्निग्ध आवरण असते आणि त्यामुळे संदेश तंतूच्या संपूर्ण लांबीवरून सरकत न जाता टप्प्याटप्प्याने उड्या घेत, कमी खर्चात आणि वेगाने पोहोचतो. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांकडे जाणारी दृष्टिचेता येथील या आवरणावर हल्ला करते. तिथे सूज येते, आवरण झिजते आणि मागे कडक व्रण राहतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील डॉक्टर झाँ-मार्तें शार्को यांनी १८६८ मध्ये या व्रणांचा आणि रुग्णांच्या लक्षणांचा संबंध जोडून हा एक स्वतंत्र आजार असल्याचे दाखवले. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश जाऊ शकतो, पण तो मंदावतो, मध्येच अडखळतो आणि तो पुढे ढकलण्यासाठी पेशीला अधिक ऊर्जा खर्चावी लागते.

थकव्याचे पूर्ण कोडे एवढ्याने सुटत नाही, कारण कमी व्रण असलेल्या व्यक्तीलाही प्रचंड थकवा असू शकतो आणि पुष्कळ व्रण असलेल्या व्यक्तीला तुलनेने कमी. मेंदूच्या कार्यात्मक एमआरआयमध्ये, म्हणजे काम चालू असताना मेंदूचे कोणते भाग सक्रिय आहेत हे दाखवणाऱ्या तपासणीत, असे दिसते, की हाताची बोटे हलवण्यासारखे साधे काम करतानाही एमएस असलेल्या व्यक्तीच्या मेंदूचा निरोगी व्यक्तीपेक्षा अधिक भाग कामाला लागतो. खराब झालेला मार्ग टाळून दुसऱ्या मार्गाने काम उरकण्याची ही मेंदूची धडपड असते आणि दिवसभर चाललेल्या या धडपडीचा भार पडणारच. पेट स्कॅन या तपासणीत मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो ते दिसते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात, जास्त थकवा असलेल्या रुग्णांच्या मेंदूचा पुढचा भाग आणि आत खोलवर असलेले पेशींचे समूह साखरेचा वापर कमी प्रमाणात करत असल्याचे आढळले. एखादे काम सुरू करण्याची उभारी आणि त्यासाठी लागणाऱ्या श्रमाचा अंदाज यांच्याशी याच भागांचा संबंध आहे. शिवाय रोगप्रतिकारक पेशींकडून सोडली जाणारी दाहकारक रसायने, जी फ्लूच्या तापात आपल्याला अंथरुणाला खिळवतात, तीही एमएसमध्ये थकव्यास हातभार लावतात असे मानले जाते. म्हणून सकाळी उठल्यावरच, काहीही काम केलेले नसताना, हातपाय गळाल्यासारखे वाटते असे एखादी व्यक्ती सांगते तेव्हा ती अतिशयोक्ती करत नसते.

हा थकवा दोन प्रकारे जाणवतो. शारीरिक थकव्यात पाय जड होतात, हात वर धरवत नाहीत, बोलताना शब्द अस्पष्ट होऊ लागतात. बौद्धिक थकव्यात वाचलेला परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो, दोन माणसे एकाच वेळी बोलू लागली की काहीच कळेनासे होते आणि हिशेब करताना हातचा विसरला जातो. हा दुसरा प्रकार अधिक गैरसमज निर्माण करतो, कारण सकाळी अकरा वाजता सफाईने काम करणारी व्यक्ती दुपारी तीन वाजता साधी चूक करते आणि पाहणाऱ्याला तो निष्काळजीपणा वाटतो. थकवा मोजण्यासाठी डॉक्टर प्रश्नावल्या वापरतात. १९८९ मध्ये तयार झालेली फटीग सिव्हिअरिटी स्केल त्यांपैकी सर्वांत परिचित आहे. तिच्यात नऊ विधाने असतात, प्रत्येकाला एक ते सात गुण द्यायचे असतात आणि सरासरी चार किंवा अधिक आली, तर थकवा लक्षणीय मानला जातो. ती पाचेक मिनिटांत भरून होते. न्यूरॉलॉजिस्टने, म्हणजे मज्जासंस्थेच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी, ती दिली नाही तर रुग्णाने स्वतः मागावी, असे मला आवर्जून सुचवावेसे वाटते, कारण सहा महिन्यांपूर्वीचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवता आला की उपचारांचा उपयोग होतो आहे की नाही याची चर्चा अंदाजावर राहत नाही.

आपल्याकडच्या रुग्णांसाठी सर्वांत महत्त्वाचा आणि तरीही सर्वांत कमी बोलला जाणारा घटक म्हणजे उष्णता. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवले, की एमएसच्या काही रुग्णांची दृष्टी श्रमानंतर तात्पुरती अंधुक होते. पुढे लक्षात आले, की खरे कारण श्रमापेक्षा श्रमाने वाढणारे शरीराचे तापमान हे आहे. मायेलिन झिजलेल्या तंतूतून संदेश कसाबसा पार होत असतो आणि शरीराचे तापमान अवघे अर्धा अंश सेल्सिअस वाढले तरी तो अडू शकतो. एमआरआय सर्वत्र उपलब्ध होण्याआधी संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबमध्ये बसवून लक्षणे वाढतात का हे पाहण्याची चाचणीसुद्धा केली जात असे. आता विदर्भातल्या मे महिन्याचा विचार करा, जिथे पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो. किंवा मुंबईच्या दमट हवेत गर्दीच्या लोकलने केलेल्या तासाभराच्या प्रवासाचा, किंवा बंद स्वयंपाकघरात गॅससमोर उभे राहून लाटलेल्या पंधरा-वीस पोळ्यांचा. निरोगी माणूस अशा वेळी घामाघूम होतो, एमएस असलेल्या व्यक्तीचे मात्र पाय अक्षरशः साथ सोडतात.

त्यामुळे शरीर थंड ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे. कडकडीत पाण्याने अंघोळ करण्याची आपल्याकडची सवय सोडून कोमट पाणी घ्यावे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानालाही हाच नियम लावावा आणि अंघोळ बसून करावी. स्वयंपाक शक्यतो सकाळी लवकर उरकावा आणि बसून करता येतील अशी कामे पंख्याखाली आणावीत. बाहेर पडण्याआधी वीस-तीस मिनिटे थंड पाण्यात पाय ठेवणे, मानेभोवती ओला पंचा गुंडाळणे आणि गार पाणी थोडे थोडे पीत राहणे या साध्या उपायांनी शरीराचे तापमान वाढायला अधिक वेळ लागतो. मराठवाड्यात आणि विदर्भात कोरड्या हवेमुळे कूलर चांगला चालतो, परंतु कोकणात, गोव्यात आणि मुंबईत दमट हवेमुळे त्याचा फारसा उपयोग होत नाही. तिथे एसी हा चैनीचा नव्हे तर औषधाचा खर्च समजावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एक सावधगिरी मात्र हवी. अनेक रुग्णांच्या हातापायांची संवेदना कमी झालेली असते, म्हणून बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये.

उष्णतेने किंवा तापाने जुनी लक्षणे पुन्हा डोके वर काढतात, तेव्हा रुग्ण आणि घरचे घाबरून जातात आणि नवा अटॅक आला असे समजतात. शरीर थंड झाल्यावर किंवा ताप उतरल्यावर ही लक्षणे ओसरत असतील, तर बहुधा नवीन हानी झालेली नसते. याउलट, ताप किंवा संसर्ग नसताना नवे लक्षण चोवीस तासांहून अधिक काळ टिकले, तर न्यूरॉलॉजिस्टला लगेच कळवावे. थकवा अचानक, काही दिवसांत खूप वाढला असेल, तर लघवीची तपासणी करून घेणेही गरजेचे असते, कारण मूत्रमार्गाचा संसर्ग एमएसमध्ये वारंवार होतो आणि कधी कधी जळजळ न होता केवळ गळून गेल्यासारखे वाटणे एवढीच त्याची खूण असते.

येथून आपण थकव्यात भर घालणाऱ्या कारणांकडे येतो. एमएसचा स्वतःचा थकवा पूर्णपणे घालवणारा उपाय आज नाही, पण त्याच्यावर चढलेले हे थर उतरवता येतात, म्हणून हाच भाग मला सर्वांत आशादायक वाटतो. पहिला थर झोपेचा. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागणे, पायात पेटके येणे, वेदना, घोरणे आणि त्यात श्वास अडकणे यांमुळे आठ तास अंथरुणात असूनही झोप मिळत नाही. यांतील प्रत्येक गोष्टीवर उपचार आहेत, पण लघवीच्या तक्रारी सांगायला, विशेषतः स्त्रिया, संकोचतात. प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिण्याची सवयही फार जणींना असते. तिच्यामुळे लघवी दाट होते, मूत्राशय अधिक चिडते आणि संसर्गाचा धोका वाढतो. पाणी दिवसा पुरेसे प्यावे, संध्याकाळनंतर कमी करावे आणि मूत्राशयाच्या त्रासावर औषध मागावे, हा योग्य क्रम आहे.

दुसरा थर औषधांचा. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी बॅक्लोफेन आणि टिझॅनिडीन, नसांच्या वेदनांसाठीची प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन किंवा कार्बामाझेपिन, ॲलर्जीच्या काही गोळ्या, या सर्वांनी सुस्ती येऊ शकते. एमएस आटोक्यात ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शननंतर फ्लूसारखी कणकण आणि गळाठा येतो. ही औषधे मनाने बंद करणे धोक्याचे आहे, बॅक्लोफेन तर अचानक थांबवल्यास गंभीर त्रास होऊ शकतो. परंतु मात्रा, वेळ किंवा औषध बदलता येईल का, हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे.

तिसरा थर नैराश्याचा. एमएस असलेल्यांपैकी जवळपास निम्म्या जणांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्याला तोंड द्यावे लागते. त्याचे एक कारण अर्थातच आजारासह जगण्याचा ताण हे आहे, पण मेंदूतील बिघाड हेही आहे. थकलेल्या माणसाला कामे करायची इच्छा असते पण शक्ती नसते, तर नैराश्यात इच्छाच मावळते, असा ढोबळ फरक सांगता येतो. प्रत्यक्षात मात्र दोन्ही एकमेकांत मिसळलेली असतात आणि नैराश्यावर उपचार झाल्यावर थकवाही कमी झाल्याचा अनुभव पुष्कळांना येतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले म्हणजे डॉक्टरांनी आपला थकवा खोटा ठरवला, असे रुग्णाने समजू नये.

उरले रक्तक्षय, थायरॉइड आणि जीवनसत्त्वांची कमतरता. आपल्याकडच्या स्त्रियांत रक्तक्षय आणि शाकाहारी लोकांत बी १२ ची कमतरता इतकी सर्रास आढळते, की या तपासण्या केल्याशिवाय थकव्याचे खापर एमएसवर फोडूच नये. मात्र तपासणी न करता, कोणी तरी सुचवले म्हणून, ताकदीसाठी बी १२ ची इंजेक्शने घेत राहण्याला अर्थ नाही. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना तर एमएसच्या थकव्यासाठी ही इंजेक्शने देऊ नयेत असे स्पष्टपणे सांगतात. कमतरता सिद्ध झाली तर ती भरून काढावी. नसेल, तर तो खर्च फिजिओथेरपीसाठी वापरलेला बरा.

थकव्यासाठीच म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांबाबत प्रामाणिक चित्र संमिश्र आहे. अमँटाडीन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट ही तीन औषधे अनेक वर्षे वापरली जात होती. अमेरिकेत १४१ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर चाचणीत प्रत्येकाला ही तिन्ही औषधे आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी पाळीपाळीने देण्यात आली. सर्वच टप्प्यांत थकवा काहीसा कमी झाला, पण खऱ्या औषधांचा फायदा दिखाऊ गोळीपेक्षा अधिक ठरला नाही आणि त्यांचे दुष्परिणाम मात्र जास्त होते. याचा अर्थ कोणालाच त्यांचा उपयोग होत नाही असा नाही. ठरावीक मुदतीसाठी औषध घेऊन पाहावे आणि फरक नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावे, हे अधिक शहाणपणाचे. एमएसचे निदान बहुतेकदा वीस ते चाळीस या वयात होते आणि रुग्णांत स्त्रिया पुरुषांच्या दुपटीहून अधिक असतात, म्हणून एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी: मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो आणि गर्भावर त्याचा वाईट परिणाम होण्याचा धोका असतो. मूल हवे असणाऱ्या किंवा नको असणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या स्त्रियांनी हे औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांशी त्यावर बोललेच पाहिजे.

आता दिवस आखण्याकडे वळू. ज्या वस्तीत नळाला दिवसातून तासभरच पाणी येते, तिथल्या घरात पाणी कसे वापरले जाते ते आठवा. पिण्याचे आधी भरले जाते, मग स्वयंपाकाचे, मग अंघोळीचे, आणि गाडी धुण्याचा विचार त्या दिवशी कोणी करत नाही. पाणी संपल्यावर काय करायचे हा प्रश्न तिथे विचारला जात नाही, ते संपणार हे धरूनच सकाळ सुरू होते. एमएसमधली शक्ती अशीच ठरावीक मापाने मिळते, आणि आज किती मिळणार याचा अंदाज बांधायला शिकावे लागते. त्यासाठी एक-दोन आठवडे साध्या वहीत नोंद ठेवावी: कोणत्या वेळी काय केले, त्याआधी आणि त्यानंतर थकवा दहापैकी किती होता, झोप कशी झाली, हवा कशी होती. या नोंदींतून प्रत्येकाचा वेगळा आराखडा पुढे येतो. बहुतेकांचे सकाळचे काही तास बरे असतात आणि दुपारनंतर उतरण सुरू होते, पण एखाद्याला अंघोळच इतकी थकवते की ती संध्याकाळी केल्यास सगळी सकाळ मोकळी होते. हे नोंदींशिवाय ध्यानात येत नाही.

सर्वांत मोठा सापळा चांगल्या दिवसाचा असतो. सकाळी बरे वाटते, साचलेली कामे डोळ्यांसमोर येतात, कपाट आवरले जाते, बँकेत जाऊन येणे होते, पाहुण्यांचा स्वयंपाक होतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. मग पुन्हा कामे साचतात, पुन्हा एखादा चांगला दिवस येतो आणि तेच चक्र फिरते. हे चक्र मोडण्यासाठी चांगल्या दिवशी मुद्दाम कमी आणि वाईट दिवशी झेपेल तेवढे थोडे काम करून दोन्ही दिवस एकमेकांच्या जवळ आणावे लागतात. विश्रांती थकल्यावर घेण्याऐवजी घड्याळ लावून, थकण्याआधी घ्यावी. कामानंतर पंधरा-वीस मिनिटे खरोखर आडवे व्हावे, हातात मोबाइल न घेता, कारण मोबाइल पाहताना मेंदू विश्रांती घेत नाही. दमल्याची जाणीव होईपर्यंत थांबले तर भरून यायला कित्येक पट वेळ लागतो. हे करून पाहिल्याशिवाय कोणाला पटत नाही, म्हणून निदान आठवडाभर तरी करून पाहावे.

घरकामात याचा अर्थ अगदी ठोस आहे. भाजी निवडणे, कणीक मळणे, पोळ्या लाटणे उंच स्टुलावर किंवा खुर्चीवर बसून करावे. रोजची भांडी कमरेच्या उंचीवर ठेवावीत. बाजारहाट एकाच दिवशी न करता वाटून घ्यावी किंवा घरपोच मागवावी. पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणण्यात कोणताही कमीपणा नाही. त्यातून वाचलेल्या शक्तीत मुलाचा अभ्यास घेता येत असेल, तर त्या पोळ्या फार स्वस्त पडल्या असेच म्हणावे लागेल. गौरी-गणपतीसारख्या सणात कोणते एक काम आपल्याला मनापासून करायचे आहे ते आधी ठरवावे, उदाहरणार्थ गौरी सजवणे, आणि पुरणावरणाचा भार इतरांनी घ्यावा. अशा मोठ्या दिवसाच्या आदला आणि नंतरचा दिवस मोकळा ठेवावा. बौद्धिक थकव्यासाठीही हेच तत्त्व लागू होते: पैशांचे व्यवहार, अर्ज भरणे, महत्त्वाचे फोन सकाळी करावेत, त्या वेळी टीव्ही बंद असावा आणि लक्षात ठेवण्याऐवजी लिहून ठेवावे. अशा शिकवणीचे सहा आठवड्यांचे गट-वर्ग परदेशांत व्यावसायिकोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट), म्हणजे रोजची कामे झेपतील अशा पद्धतीने करायला शिकवणारे तज्ज्ञ, घेतात आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १६९ जणांच्या अमेरिकी चाचणीत त्यांचा थकव्यावर चांगला परिणाम दिसला होता. आपल्याकडे मोठ्या रुग्णालयांत व्यावसायिकोपचार विभाग असतात, पण एमएसच्या फार कमी रुग्णांना तिकडे पाठवले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

शक्ती राखून वापरायची, तर मग व्यायाम कशाला, असा प्रश्न येतो. पूर्वी डॉक्टरही एमएसच्या रुग्णांना व्यायाम टाळायला सांगत. १९९६ मध्ये अमेरिकेतील युटा येथील संशोधकांनी ५४ रुग्णांच्या अभ्यासात पंधरा आठवड्यांच्या एरोबिक व्यायामाने दमश्वास आणि स्नायूंची ताकद सुधारल्याचे दाखवले, आणि तेव्हापासून सल्ला उलटा झाला. न हलल्यामुळे स्नायू झिजतात, हृदयाची क्षमता घटते आणि मग तेच काम करायला अधिक शक्ती लागते. सौम्य ते मध्यम अपंगत्व असलेल्यांसाठी आठवड्यातून दोनदा अर्धा तास मध्यम गतीचा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम, असे कॅनडातील तज्ज्ञांनी २०१३ मध्ये सुचवलेले प्रमाण आहे. इतके एकदम जमत नसेल तर पाच मिनिटांपासून सुरुवात करावी, मध्ये विश्रांती घ्यावी, पंख्यासमोर किंवा पहाटेच्या गारव्यात करावे. पोहणे उत्तम, पण पाणी कोमटपेक्षा गरम नसावे. व्यायामानंतर तासाभरात पूर्ववत वाटले तर प्रमाण बरोबर आहे आणि दुसऱ्या दिवशीही गळाठा राहिला तर ते जास्त झाले, असे समजावे. हा सल्ला एमएसपुरताच आहे. मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम या वेगळ्या आजारात व्यायाम वाढवत नेल्याने प्रकृती बिघडू शकते, म्हणून एकाची पद्धत दुसऱ्याने उचलू नये.

वागणुकीतील बदलांसाठी दिल्या जाणाऱ्या सीबीटी या समुपदेशन-पद्धतीचाही थकव्यावर उपयोग होतो. थकवा आला की मनात येणारे विचार, म्हणजे आता आपण कोणाच्या कामाचे उरलो नाही किंवा थोडे केले तरी आजार बळावेल, हे तपासून पाहायला आणि त्यांनुसार वागणे बदलायला ती शिकवते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तीनशेहून अधिक रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात फोनवरून दिलेली सीबीटी मोडाफिनिलइतकीच परिणामकारक ठरली आणि दोन्ही एकत्र दिल्याने अधिक लाभ झाला नाही. घराबाहेर पडणेच ज्यांना अवघड आहे, अशांसाठी फोनवरचा उपचार चालतो हे कळणे मोलाचे आहे.

घरातल्यांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. हा आजार ज्या वयात आणि ज्या व्यक्तींना अधिक होतो ते पाहता, आजारी पडणारी व्यक्ती बरेचदा तीच असते जिच्या खांद्यावर घर चाललेले असते. ती परवाच्या लग्नात सर्वांना हसतमुख दिसते आणि आज उठत नाही, तेव्हा कामापुरते दुखणे असा शेरा ऐकू येतो. लग्नाआधी तिने दोन दिवस घेतलेली विश्रांती आणि लग्नानंतरचे अंथरूण पाहुण्यांना दिसलेले नसते. अशा घरात थकव्याचा आकडा सांगण्याची पद्धत फार उपयोगी पडते: आज दहापैकी आठ, एवढे म्हटले की स्पष्टीकरण द्यावे लागत नाही आणि कामांची वाटणी कशी करायची ते आपोआप ठरते. नवऱ्याने किंवा सासूबाईंनी एकदा तरी न्यूरॉलॉजिस्टच्या भेटीला सोबत जावे, कारण हा थकवा आजाराचाच भाग आहे हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर बरेच वाद संपतात. लहान मुलांनाही सोप्या शब्दांत सांगावे, की आईच्या मेंदूतून पायांकडे जाणारा निरोप उशिरा पोहोचतो, म्हणून तिला मध्येच थांबावे लागते आणि यात त्यांची काही चूक नाही. उलट बाजूही आहे. प्रेमापोटी सगळी कामे काढून घेणे हेही रुग्णाला खचवते, म्हणून कोणते काम स्वतःकडे ठेवायचे हे तिने किंवा त्यानेच ठरवावे.

डॉक्टरांशी बोलताना नुसते थकवा येतो असे सांगून भागत नाही, कारण ते वाक्य त्यांच्या खोलीत दिवसभर ऐकू येत असते. त्याऐवजी दुपारी दोननंतर मुलाचा गृहपाठ घेता येत नाही, जेवण बनवून झाल्यावर ते खाण्याइतकी शक्ती उरत नाही, गेल्या महिन्यात कामावर चार रजा झाल्या, असे नेमके सांगावे आणि नोंदवही समोर ठेवावी. एमएसमधील अपंगत्व मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी ईडीएसएस ही मोजपट्टी जॉन कुर्ट्झके यांनी १९८३ मध्ये आजच्या स्वरूपात मांडली आणि तिच्या वरच्या पायऱ्या मुख्यतः चालण्याच्या क्षमतेवर आधारलेल्या आहेत. त्यामुळे पाचशे मीटर चालू शकणाऱ्या, पण दुपारनंतर विचारही करू न शकणाऱ्या व्यक्तीचा आकडा कमीच दिसतो. थकव्याची स्वतंत्र, लेखी नोंद प्रत्येक भेटीच्या कागदावर असावी असा आग्रह रुग्णाने धरायला हवा तो याचसाठी.

ही नोंद नोकरीतही कामी येते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा ज्या २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता देतो, त्यांत दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांखाली मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव स्पष्टपणे लिहिलेले आहे. सरकारी आस्थापनेत नोकरी करत असताना अपंगत्व आले, तर त्या कारणाने कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही, आणि कामाच्या जागी वाजवी सोयी पुरवणे हे आस्थापनेचे कर्तव्य ठरते. खासगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते. सोयी मागताना त्या ठोस असाव्यात: गर्दीची वेळ टाळता येईल अशी कामाची वेळ, आठवड्यातून काही दिवस घरून काम, पंख्याजवळची किंवा एसीच्या खोलीतली जागा, दुपारी वीस मिनिटे आडवे होण्याची मुभा आणि अवघड बैठका सकाळी. मुंबईत १९८५ मध्ये स्थापन झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या शाखा पुण्यासह अनेक शहरांत आहेत. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, काढण्यापूर्वी तिथल्या अनुभवी सदस्यांशी बोलून घ्यावे. कागदपत्रांची ही धावपळ एका दिवसात उरकण्याचा प्रयत्न न करता, सोबत कोणाला तरी घेऊन, सकाळच्या वेळेत आणि उन्हाळा टाळून करावी.